भिंतीवरचा कॅमेरा आणि पापणीचा ब्रश

‘डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असा मेसेज स्क्रीनवर पुन्हा आला. जोडलेली वस्तू कॉम्प्युटरला ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती वस्तू माझ्या डोक्याच्या थोडी वर भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेली होती. चंदेरी रंगाचा, विटेसारखा जाडजूड डिजिटल कॅमेरा.

“ओळखत नाय म्हंजे?” विमलकाकू म्हणाल्या. “इतकी वर्षं बघतोय की त्याला.”

“जुना कॉम्प्युटर बघत होता, काकू. हा नवा आहे.”

“मग ओळख करून दे ना गो. त्यासाठीच बोलावली तुला.”

माझं काम इतक्या कमी शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका फर्ममध्ये नोकरी करते. ऑफिस रोह्याला, पण पेणची बाजू पूर्ण माझ्याकडे. मी राहते जित्याला. सकाळी पाठीला बॅग लावून ट्रेनने पेणला उतरते आणि एकेक क्लायंट करत फिरते. आमच्या घरात सगळे भातशेतीवाले. बी.एससी. होणारी मी पहिली, आणि हे सांगायला मला कुणी विचारण्याची गरज लागत नाही. क्लायंट विचारतात, “इंजिनिअर कधी येणार?” मी म्हणते, “आलाय. पंख्याखाली बसू द्या जरा.”

विमलकाकूंचा गणपतीचा कारखाना आहे. बाहेरच्यांना कारखाना म्हटलं की धूर आणि भोंगा आठवतो. पेणमध्ये कारखाना म्हणजे फळ्यांवर ओळीने वाळणाऱ्या मूर्ती, रंगाचे डबे, आणि सगळीकडे शाडूची बारीक पूड. मूर्तीचं सगळं झालं की शेवटी डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. बाकी रंगकाम चार हात करू शकतात, आखणी मात्र एखाद्याच हाताला जमते. या कारखान्यात तो हात दिनूकाकांचा होता. दिनूकाका म्हणजे विमलकाकूंचे यजमान. ते दोन वर्षांपूर्वी गेले. आता त्यांची मुलगी मानसी आखणी करते.

कॅमेरा दिनूकाकांनीच लावून घेतलेला. कारण असं, की त्यांची बरीचशी गिऱ्हाइकं जुनी घरं. त्यांना दर वर्षी तोच गणपती लागतो. तीच बैठक, तोच पितांबर, आणि मुख्य म्हणजे तोच चेहरा. मूर्ती तर विसर्जन झालेली असते, मग तोच चेहरा आणायचा कुठून? दिनूकाका दर वर्षी आखणी झाली की मूर्ती एका ठरलेल्या पाटावर ठेवत, ठरलेला दिवा लावत आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्याने फोटो काढत. पुढच्या वर्षी नव्या मूर्तीचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर जुना फोटो अर्धवट पारदर्शक करून त्याच्यावर ठेवायचा. जिथे दोन रेषा दिसतील तिथे आखणी चुकली. एकच रेष दिसली तर जमली.

हे सगळं चालतं ते कॅमेरा, लेन्स आणि जागा तीच असल्यामुळे. कॅमेरा केसभर हलला तरी हिशेब बिघडतो. एकदा कुणीतरी तो पुसायला काढला होता. परत लावला तेव्हा एकही फोटो जुळेना. दिनूकाकांनी आठवडाभर शिडीवर चढून तो पहिल्या जागी आणला आणि नंतर बोल्टवर ऑइलपेंटचा जाड थर दिला, म्हणजे परत कुणी पाना लावू नये.

पावसाळ्यात जुना कॉम्प्युटर बंद पडला. खाडीच्या दमट हवेत मदरबोर्ड टिकत नाहीत, तो बराच टिकला म्हणायचा. हार्डडिस्क चांगली होती, त्यामुळे सगळे जुने फोटो मी नव्या कॉम्प्युटरवर घेतले. कॅमेराही ठणठणीत होता. बटण दाबलं की फोटो काढायचा, मागच्या इवल्याशा स्क्रीनवर दाखवायचा. पण तो फोटो नव्या कॉम्प्युटरकडे येईना.

“मोबाईलवर काढून बघितले का?” मी मानसीला विचारलं.

“काढले ना. जवळून धरला की सोंड मोठी आणि कान बारीक. शिवाय तो आपल्या मनानं रंग उजळवतो.”

“मोबाईल देवाला पावडर लावतो गो,” काकू म्हणाल्या. “फोटोत गोरा, पाटावर वेगळाच.”

एरवी मी म्हटलं असतं, बघू निवांत. पण रोह्याचे अण्णा रविवारी येणार होते. अण्णांच्या घरचा गणपती त्यांच्या वडलांच्या वेळेपासून याच कारखान्यातला. दिनूकाका गेल्यावर पहिल्या वर्षी, म्हणजे मागच्या गणपतीला, त्यांनी मानसीच्या हातचा गणपती नेला, पण नेताना बोलून गेले, “छान आहे. आमचा नाही वाटत.” तेव्हा मानसी कॅमेरा न लावता, नुसत्या नजरेने आखणी करायला गेली होती. यंदा अण्णांनी फोनवर सांगितलं होतं, की रविवारी चेहरा बघतो, नाही पटला तर हमरापूरच्या कारखान्यात बघीन. अण्णांच्या मागे त्यांच्या आळीतली आणखी घरं होती. आणि अण्णा नाही म्हणाले, की दिनूची पोरगी आखणीत कच्ची, हे पेणपासून रोह्यापर्यंत पसरायला वेळ लागला नसता.

मानसीने हे मला सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, मानसी पाणी आणायला आत गेली तेव्हा.

मी साहेबांना फोन लावला.

“वैशाली, तो कॅमेरा म्युझियमला देऊन टाका म्हणावं,” साहेब म्हणाले. “नव्या कॅमेऱ्याचं कोटेशन काढ.”

“सर, नवा कॅमेरा लावला तर जुने फोटो त्याच्याशी जुळणार नाहीत.”

“का नाही जुळणार?”

मी त्यांना पाट, दिवा आणि दोन रेषा समजावल्या.

“रविवारपर्यंत बघ. नाही झालं तर सोमवारी कोटेशन.”

“होईल, सर.”

“कशावरून?”

“कॅमेरा बिघडलेला नाही. फक्त बोलणं तुटलंय.”

आता हे बोलणं म्हणजे काय ते सांगते. कॅमेऱ्याची भाषा वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी. मध्ये ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. गाडी चालवणारा नव्हे, हा दुभाष्या. कॅमेऱ्यासोबत सीडी मिळते, तिच्यात तो असतो. सीडी काकूंनी जपून ठेवली होती. पण तो दुभाष्या ३२ बिटच्या जुन्या सिस्टीमसाठी लिहिलेला. नवी सिस्टीम ६४ बिटची, ती त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही. कॅमेरा बनवणाऱ्यांनी नवा ड्रायव्हर काढला नाही, आणि इतक्या जुन्या मॉडेलसाठी कुणी काढतही नाही.

सरळ उपाय म्हणजे कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालायचं. त्या कार्डाचे रीडर आजही मिळतात. पण कॅमेरा एका बाजूने भिंतीला टेकवलेला, आणि कार्डाचं झाकण नेमकं त्याच अंगाला आलेलं. बोल्ट सोडवल्याशिवाय उघडत नव्हतं. मी नुसतं बोल्टकडे बघितलं तर काकू म्हणाल्या, “तिकडं बघू नको.”

मग मी दुसरा रस्ता धरला. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर बसवता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आत जुनी विंडोज टाकायची, तिला जुना ड्रायव्हर द्यायचा. बाहेरचं जग पुढे गेलंय हे तिला कळतच नाही. संध्याकाळपर्यंत हे सगळं बसवलं आणि कॅमेरा सापडला. मानसीने बटण दाबलं. स्क्रीनवर मुकुट आला, कपाळ आलं, आणि तिथून खाली सगळं करडं. फोटो अर्ध्यात अडकला होता.

परत केलं. परत मुकुट आणि कपाळ.

“अर्धा देव नको गो ठेवू समोर,” काकू म्हणाल्या. “बंद कर ते.”

मी बंद केलं. जुन्या ड्रायव्हरचं आणि खोट्या कॉम्प्युटरचं पटत नसणार, असा माझा अंदाज. तो चुकीचा होता, पण ते मला नंतर कळलं.

घरी माझ्याकडे पत्त्याच्या पानाएवढा एक बोर्ड होता. तो एक पूर्ण कॉम्प्युटरच असतो, फक्त डबा नसतो. त्याच्यावर लिनक्स ही सिस्टीम चालते. जगभरातल्या हौशी लोकांनी जुन्या कॅमेऱ्यांच्या भाषा शिकून लिनक्ससाठी फुकट प्रोग्रॅम लिहून ठेवलेत. कंपनीने सोडून दिलेली शेकडो मॉडेलं ते लोक अजून सांभाळतायत. मी यादी बघितली, आपल्या भिंतीवरच्याचं नाव तिच्यात होतं. मग ठरवलं, की हाच बोर्ड दुभाष्या. कॅमेरा त्याला जोडायचा. तो फोटो घेणार आणि नेटवर्कवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवणार. नव्या कॉम्प्युटरने फक्त फोल्डर उघडायचा. कॅमेऱ्याशी त्याची ओळख नाही झाली तरी चालेल.

जेवण झाल्यावर मी ओटीवर बोर्ड मांडून बसले. आई तांदूळ निवडत होती.

“एवढं शिकून फोटोच काढतेस व्हय?”

“मी नाही काढत. काढणाऱ्याला बोलायला लावते.”

“तुज्यासारखं बोलकं एक घरात हाय तेवढं पुरे,” आई म्हणाली.

शनिवारी सकाळी बोर्ड घेऊन कारखान्यात गेले. एका छोट्या प्लास्टिकच्या डब्यात बसवला, भिंतीला लावला, केबल जोडली. कॉम्प्युटरवर एक पान उघडून दिलं, त्याच्यावर ‘फोटो काढा’ एवढंच एक बटण. मानसीने ते दाबलं. भिंतीवर खट्ट झालं आणि स्क्रीनवर गणपती आला. पूर्ण आला, उंदरासकट.

मानसीने लगेच ती मूर्ती उतरवली. दुसरी मूर्ती पाटावर ठेवली. तीही आली. तिसऱ्या वेळी पान लाल झालं. कॅमेरा सापडत नाही.

मी केबल बदलली. कॅमेऱ्याचा करंटचा अडॅप्टर बदलला. बोर्डाचं दुसरं सॉकेट वापरलं. दर वेळी एकदोन फोटो यायचे आणि परत लाल. लिनक्स प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतं. तिच्यात बघितलं तर कॅमेरा मध्येच गायब होत होता. कुणी केबल उपटावी तसा. मग मी स्टुलावर चढले आणि कॅमेऱ्यापाशी केबल बोटाने जरा वर उचलून धरली. कॅमेरा सापडला. बोट काढलं, हरवला.

म्हणजे दोष भाषेत नव्हताच. दोष सॉकेटमध्ये होता.

आमच्या धंद्यात पहिला नियम असा, की सगळ्यात आधी वायर आणि सॉकेट बघायचं. मी वायर बघितली होती. सॉकेट बघता आलं नव्हतं, कारण तेही कार्डाच्या झाकणासारखंच भिंतीच्या बाजूला होतं. केबल चाचपडत घालावी लागायची. डोकं घालायला जागा नाही.

“आरसा चालेल?” मानसीने विचारलं.

आखणी करणारे हाताशी आरसा ठेवतात. काढलेले डोळे आरशात बघितले की डाव्याउजव्यातला फरक लगेच नजरेत भरतो. तिचा आरसा मी भिंत आणि कॅमेरा यांच्या फटीत तिरका धरला आणि मोबाईलचा टॉर्च मारला. सॉकेटच्या आत तांबूस-पिवळी खपली धरली होती.

“काकू, आत गंज चढलाय,” मी म्हटलं.

काकू दुसऱ्या स्टुलावर चढल्या. आरशात बघितलं.

“गंज कसला? कुंकू हाय ते.”

मी आरसा परत नीट धरून बघितलं.

“दसऱ्याला हत्यारांची पूजा करते ना,” काकू म्हणाल्या. “कोरण्या, ब्रश, कंप्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू लावते. हा काय वेगळा? हा पन आमच्यात काम करतो.”

“पण तिथे का, काकू?”

“मग कुठं लावू? समोरनं लावलं तर काचेला डाग पडतो, तुझे काका ओरडायचे. वर बटणं हायत. म्हणून भिंतीच्या अंगाला, त्या भोकाजवळ. कुनाच्या नजरेला पडत नाय आणि कामात येत नाय.”

“तिथे रबराचं झाकण असतं.”

“ते कवाच पडलं.”

म्हणजे लेन्स जपायची म्हणून दर दसऱ्याला पाण्यात कालवलेलं हळदकुंकू नेमकं सॉकेटवर. त्यात शाडूची पूड आणि खाडीची हवा. जुन्या कॉम्प्युटरची केबल कधी काढलीच नव्हती, म्हणून आतली जोडणी तशीच धरून राहिली होती. नवा कॉम्प्युटर आला, केबल बदलली आणि खपली मध्ये आली.

मला हसायला यायला हवं होतं, पण रोह्याच्या ऑफिसातला आमचा सर्व्हर आठवला. दसऱ्याला साहेब त्याला झेंडूचा हार घालतात आणि हळदकुंकवाची बोटं पुढच्या यूएसबीच्या पट्टीवर उठलेली असतात. ती बोटं माझी.

कॅमेऱ्याचा करंट बंद केला. माझ्या बॅगेत आयपीएची बाटली असते. हे सॉकेट वगैरे धुवायचं स्पिरिट, लावलं की पटकन उडून जातं. पण कापसाची काडी आत शिरेना. सॉकेट मिनी यूएसबीचं, आत पाच पट्ट्या, एकेक सुताएवढी. चिमट्याने खरवडलं असतं तर पट्टी वाकली असती आणि मग खरोखरच म्युझियम.

“दे इकडे,” मानसी म्हणाली. “पापणीचा ब्रश आणते.”

आखणीच्या ब्रशांत सगळ्यात बारीक तो. टोकाला मोजके केस. ती स्टुलावर चढली. मी आरसा धरला, काकूंनी टॉर्च. आरशात बघून हात चालवणं सोपं नसतं. हात उजवीकडे न्यायचा म्हटलं की तो डावीकडे जातो. मी करून बघितलं होतं, ब्रश भलतीकडेच टेकत होता. मानसीचं रोजचं काम आरशाचं.

“डावीकडची पट्टी घे,” मी म्हटलं.

“आरशातली डावी का खरी?”

“आरशातली.”

“मग तसं बोल.”

तिने श्वास धरला, ब्रश आत नेला, फिरवला, बाहेर काढला. ब्रशाच्या टोकाला लाल. मी कापडावर पुसून दिला, परत स्पिरिटमध्ये बुडवून दिला. पाचही पट्ट्या तिने तशा धुतल्या. एकीवर दोनदा गेली.

“टॉर्च हलवू नको गो आई.”

“हात दुखतो माझा.”

“बाबांचा दुखायचा नाय का?”

काकूंनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि टॉर्च स्थिर केला.

खपली गेली आणि आरशात पिवळ्या धातूच्या पाच रेघा चमकल्या. स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत मी कुणाला बटणाला हात लावू दिला नाही. मग केबल घातली आणि सोडून दिली. बोटाने धरली नाही.

कॅमेरा सापडला. फोटो आला. परत आला. मी मुद्दाम काढतच राहिले, फळीवरच्या मूर्ती आणून आणून.

“देवाचं लगीन हाय का गो, एवढे फोटो?” काकू म्हणाल्या.

मला राहवलं नाही म्हणून कॉम्प्युटरच्या पोटातला तो खोटा कॉम्प्युटरही चालू करून बघितला. तोही चालला. अर्धा देव कुंकवामुळेच होता. तरी मी बोर्डच ठेवला. त्याला चालू करून विसरून जाता येतं.

मग अण्णांची मूर्ती पाटावर आली. मानसीने आखणी पातळ हाताने केली होती, म्हणजे पुसता येईल अशी. फोटो काढला. दिनूकाकांच्या शेवटच्या वर्षीचा फोटो त्याच्यावर ठेवला. उजव्या डोळ्याला एकच रेष. डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला दोन. नवी रेष सूतभर खाली उतरली होती. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर कुणाला सांगता आलं नसतं. एवढंच, की चेहरा जरा झोपाळू वाटत होता.

मानसीने ओल्या बोळ्याने ती पापणी पुसली. मघाचा ब्रश धुऊन घेतला आणि परत काढली. मी फोटो काढला, जुना त्याच्यावर ठेवला.

एकच रेष.

काकू बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “चहा टाकते,” आणि आत गेल्या. त्या चहाला खूप वेळ लागला.

रविवारी माझी सुट्टी असते. तरी मी गेले. अण्णा आले, चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि मूर्तीसमोर उभे राहिले. मग डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. कारखान्यात रंग फवारायचा कंप्रेसर बंद करून ठेवला होता.

“आखणी कुणाची?”

“मानसीची,” काकू म्हणाल्या.

“दिनूनं काही काढून ठेवलेली नव्हती ना?”

“त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, अण्णा. मूर्ती या वर्षीची हाय.”

अण्णा मानसीकडे वळले. “पोरी, डोळे हुबेहूब तुझ्या बापाचे काढलेस.”

“बाबांचे नाय, अण्णा. तुमच्या गणपतीचे.”

अण्णा हसले. “बरोबर. आमचेच. पुढल्या वर्षी मी बघायला यायचा नाही, परस्पर न्यायला येईन. आणि आळीतल्यांनाही सांगतो.” मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “ही कोण?”

“ही आमच्या कॅमेऱ्याची डाक्टरीण,” काकू म्हणाल्या. “जित्याची हाय. शेतकऱ्याची पोर, पन सगळं कॉलेज शिकलेली.”

आमच्या पदवीदानाच्या दिवशी हॉलमध्ये माझं नाव पुकारलं होतं, तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. काकूंना मी थांबवलं नाही.

स्टेशनला जाताना साहेबांचा फोन आला.

“झालं का?”

“झालं, सर. कोटेशन नको.”

“शाब्बास. काय होतं?”

“कुंकू.”

“हे कुठलं सॉफ्टवेअर?”

मी सांगितलं. साहेब मोठ्याने हसले. मग हसू थांबलं आणि त्यांनी विचारलं, “आपला सर्व्हर मागच्या आठवड्यापासून पेन ड्राइव्ह घेत नाहीये ना?”

सोमवारी रोह्याला जाऊन पहिलं काम ते केलं. फोन झाल्यावर तशीच मागे फिरून ब्रश मानसीकडून मागून घेतला होता.

विमलकाकूंच्या कॅमेऱ्याला मी रबराचं नवं झाकण बसवलं, केबल आत ठेवूनच. पूजेसाठी भिंतीवरच्या, बोर्डाच्या डब्याची पुढची सपाट बाजू दाखवून दिली. काकूंनी ती बोटाने ठोकून बघितली आणि म्हणाल्या, जागा चांगली हाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल तरी.

आता दसरा जवळ आला की मी प्रत्येक क्लायंटकडे विनाकारण एक चक्कर मारते. व्हायरसचं, बॅकअपचं वगैरे सगळं सांगून झालं की निघताना सांगते, पूजा जरूर करा, सॉकेट सोडून.